मदत हवी आहे : पर्किन ज्युनियरच्या वर कोण, विस्लिसेनस की बायर?

इथिलीन
आमच्या सरांना ८५ पूर्ण होतायत, स्मरणिका काढतोय. मधल्या पानावर त्यांची रसायनशास्त्रातली गुरुपरंपरा द्यायची आहे, म्हणजे प्रत्येकाच्या वर त्याच्या संशोधनाचा गुरू. सर, त्यांच्या वर के. व्यंकटरामन, मग रॉबर्ट रॉबिन्सन, मग विल्यम हेन्री पर्किन ज्युनियर. इथवर ठीक. त्याच्या वर एका साइटवर विस्लिसेनस दिसतो, दुसरीवर बायर. बायर धरला तर केकुले आणि तिथून लीबिगपर्यंत सरळ पोहोचतो, आणि इतका नामवंत रसायनशास्त्रज्ञ म्हणून लीबिग यावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. शुक्रवारी पान छापखान्यात जायचंय. नक्की कोणाचं नाव लिहू तेवढंच सांगा.

माटुंगा_पूर्व
विस्लिसेनस. पर्किन ज्युनियरची पीएच.डी. वुर्झबर्गची, १८८२ ची, विस्लिसेनसकडची. पदवीनंतर तो म्युनिकला बायरच्या प्रयोगशाळेत गेला. तीन-चार कार्बनच्या लहान वलयांवरचं त्याचं गाजलेलं काम तिथलं, म्हणून बायरचं नाव चिकटलं. आणि मॉव्ह हा कृत्रिम जांभळा रंग शोधणारा पर्किन हा याचा बाप. तो हॉफमनचा विद्यार्थी आणि हॉफमन लीबिगचा. गुरु-शिष्यांच्या काही ऑनलाइन झाडांत बाप-लेकांची नोंद एक झालेली असते, ती उचलू नका.

रिटॉर्ट
असहमत. परंपरा पदवीच्या कागदावरून ठरत नाही, माणूस काम करायला कोणाकडे शिकला यावरून ठरते. लीबिगचंच बघा. डॉक्टरेट एर्लांगेनची, कास्टनरकडची. पण रासायनिक विश्लेषण तो शिकला पॅरिसला गे-ल्युसॅककडे. कास्टनरचं नाव लिहून लीबिगबद्दल काहीच कळत नाही. पर्किनच्या बाबतीत बायर हेच खरं उत्तर.

माटुंगा_पूर्व
मग एकच नियम शेवटपर्यंत लावा. पदवीचा तरी लावा, नाहीतर प्रयोगशाळेतल्या टेबलाचा, म्हणजे काम प्रत्यक्ष कोणाकडे केलं त्याचा. बायरला बर्लिनची डॉक्टरेट मिळाली १८५८ साली, प्रबंध लॅटिनमध्ये. मिथिल-आर्सेनिक संयुगांचं ते काम मात्र हायडेलबर्गला केकुलेच्या खाजगी प्रयोगशाळेत झालं. केकुले तेव्हा तिथे नुसता प्रिव्हाटडोझेंट, म्हणजे प्राध्यापकपद नसलेला व्याख्याता होता, बर्लिनच्या पदवीवर त्याची सही असणं शक्य नाही. म्हणजे पदवीचा नियम लावला तर बायर-केकुले दुवा तुटतो. टेबलाचा लावला तर तो टिकतो, पण केकुलेच्या वर लीबिग येत नाही, हाइनरिश विल येतो. केकुलेचं अमिल सल्फ्युरिक आम्लावरचं काम गीसेनला विलच्या हाताखाली झालं. त्याला पदवी मिळाली १८५२ ला आणि त्याच वर्षी लीबिग म्युनिकला निघून गेला. विल हा लीबिगचा सहाय्यक आणि गीसेनला त्याच्या जागी आलेला प्राध्यापक, त्यामुळे लीबिग येतो, पण एक पिढी वर. बायर-केकुले-लीबिग अशी सरळ रेघ हवी तर मध्येच नियम बदलावा लागतो.

झाडवाली
ऑनलाइन झाडं वापरताना नावाशेजारचा संबंधाचा प्रकार वाचा. केमिस्ट्री ट्री या साइटवर पदवीचा विद्यार्थी, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा संशोधक), संशोधन सहाय्यक असे प्रकार वेगळे नोंदवलेले असतात, नुसत्या चित्रावर जाऊ नका. तिथली माहिती वाचकच भरतात, त्यामुळे नोंदीमागे आधार काय दिलाय ते बघावं. विकिडेटा या माहितीसाठ्यात प्रत्येक संबंधाला क्रमांक असतो: डॉक्टरेटचा मार्गदर्शक म्हणजे पी१८४, नुसता 'अमक्याचा विद्यार्थी' म्हणजे पी१०६६. हे दोन एकाच शोधात मिसळले की पर्किनसारखे एकाला दोन गुरू दिसतात. आणि ज्या विधानाखाली संदर्भ म्हणून फक्त विकिपीडिया आहे ते विधान धरू नका, ते बहुधा विकिपीडिया लेखाच्या माहितीचौकटीतून आपोआप आलेलं असतं.

पाषाण_वाट
पर्किनचं नंतर बघू. सरांची पदवी कुठली, मुंबई की पुणे? साल? प्रबंधातल्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून सही कोणाची आहे? व्यंकटरामन १९३८ पासून १९५७ पर्यंत माटुंग्याला मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख होते, नंतर १९६६ पर्यंत पुण्यात एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) संचालक. यातल्या कुठल्या काळातले सर?

इथिलीन
पुणे विद्यापीठ, काम एनसीएलमध्ये, १९६६. व्यंकटरामन संचालक होते आणि ऋणनिर्देशात त्यांचं नाव सगळ्यात वर आहे. पण मी पर्किनबद्दल विचारलंय.

पाषाण_वाट
ऋणनिर्देशावरून दुवा जोडू नका. तिथे संचालकांचे आभार जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतात: प्रयोगशाळा वापरू दिली, काम प्रबंध म्हणून सादर करायला परवानगी दिली. हा शिष्टाचार आहे. त्या काळी एनसीएल स्वतः पदवी देत नव्हती. विद्यार्थी पुणे किंवा मुंबई विद्यापीठात नाव नोंदवायचे आणि विद्यापीठमान्य मार्गदर्शक हा एनसीएलमधला एखादा शास्त्रज्ञ असायचा. ते नाव प्रमाणपत्राच्या पानावर असतं. प्रत पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात मिळेल, एनसीएलच्या डिजिटल रिपॉझिटरीतही जुने प्रबंध स्कॅन करून ठेवलेत. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या साइटवर असला तर पूर्ण प्रबंध उतरवू नका, प्रकरणं सुट्या फाइलींत असतात, प्रमाणपत्राची फाइल पहिल्या दोन-तीनांत सापडते. शिवाय सरांच्या १९६३ ते ६८ मधल्या निबंधांवर सहलेखक कोण ते बघा. प्रत्येक निबंधावर तेच एक ज्येष्ठ नाव येत असेल तर तेच मार्गदर्शक.

गिर्यारोहक_रसायन
एनसीएलचा विषय निघालाच आहे तर व्यंकटरामन यांच्या आधीचे संचालक जॉर्ज फिंच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजन घेऊन चढलेले तेच हे. झुरिकला शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांचीही परंपरा कोणीतरी काढायला हवी.

झाडवाली
फिंचसाठी वेगळा धागा काढा ना.

डॉटफाइल
चित्र काढायला ग्राफविझ वापरा, चौकोन आणि रेघा आपोआप मांडणारं सॉफ्टवेअर. वर्डमध्ये चौकोन जोडत बसलात तर एक पिढी वाढली की सगळं हलवावं लागतं. पदवीचा दुवा सलग रेघ, पोस्टडॉक किंवा सहाय्यकाचा तुटक. एकाच पिढीतल्या नावांना रँक सेम ही सूचना द्या, नाहीतर ती खालीवर पडतात. देवनागरीसाठी फॉन्टचं नाव फाइलमध्येच लिहा आणि छापखान्याला एसव्हीजी देऊ नका, पीडीएफ द्या. एसव्हीजी या चित्रफाइलीत फॉन्ट सहसा आत नसतो. त्यांच्या मशीनवर तो नसला की दुसराच लागतो आणि जोडाक्षरं फुटलेली छापून येतात.

इथिलीन
चित्र आमचा आर्टिस्ट काढतोय. प्रमाणपत्राचं पान मिळालं. त्यावर व्यंकटरामन नाहीत, एनसीएलमधल्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञांची सही आहे. निबंधांवरही तेच. त्यांची स्वतःची पीएच.डी. मुंबई विद्यापीठाची, माटुंग्याची, व्यंकटरामन यांच्याकडची.

पाषाण_वाट
मग व्यंकटरामन सरांचे आजेगुरू. एक चौकोन मध्ये घाला, वरचं सगळं तसंच राहतं. ज्यांनी सही केली त्यांचं नाव स्मरणिकेतून गळलं असतं तर फार वाईट झालं असतं.

माटुंगा_पूर्व
आता रॉबिन्सनच्या दुव्याला तळटीप द्या. ब्रिटिश विद्यापीठांत पीएच.डी. आली १९१७ नंतर. रॉबिन्सनची पदवी मँचेस्टरची डी.एससी. (डॉक्टर ऑफ सायन्स), १९१० ची. तिथे आजच्या अर्थाने मार्गदर्शक कागदावर नसतो. पर्किनशी त्याचा संबंध सिद्ध होतो तो ब्राझिलिन या लाकडातल्या रंगद्रव्यावरच्या एकत्र कामामुळे. दुवा पक्काच आहे, पण त्याचा आधार वेगळा आहे.
जर्मन प्रबंधात मात्र शोधायला सोपं. शेवटच्या पानावर 'लेबेन्सलाउफ' किंवा 'विटा', म्हणजे लेखकाचा थोडक्यात जीवनक्रम असतो, त्यात कोणाची व्याख्यानं ऐकली त्यांची यादी. ती यादी म्हणजे गुरू नव्हेत. 'आउफ फेरआनलासुंग', म्हणजे अमक्यांच्या सुचवण्यावरून हे काम हाती घेतलं, असं वाक्य कुठे आहे ते शोधा. तेच नाव धरायचं.

रिटॉर्ट
तळटीप मान्य. तरी बायर पूर्ण गाळू नका. म्युनिकची ती वर्षं नसती तर पर्किनने मँचेस्टरला जी शाळा उभी केली ती तशी झाली नसती.

झाडवाली
तुटक रेघेने घ्या. आणि लीबिग हवाच असेल तर तो विस्लिसेनसच्या बाजूनेही येतो. विस्लिसेनस तरुणपणी अमेरिकेत होता, हार्वर्डला हॉर्सफर्डचा सहाय्यक म्हणून, आणि हॉर्सफर्ड गीसेनला लीबिगकडे शिकलेला. ही रेघही तुटकच. पुढे युरोपात परत आल्यावर विस्लिसेनस हालेला हाइन्त्सचा सहाय्यक होता.

इथिलीन
म्हणजे सलग रेघ विस्लिसेनसपाशी थांबवतो. बायर आणि हॉर्सफर्ड दोन्हीकडून तुटक रेघा लीबिगकडे. केकुले आणि लीबिगच्या मध्ये विल टाकायचाच ना?

माटुंगा_पूर्व
टाकायचाच. आणि चित्राखाली एक ओळ: सलग रेघ पदवीची, तुटक रेघ प्रयोगशाळेची, रॉबिन्सन-पर्किन दुवा एकत्र कामावरून.

गिर्यारोहक_रसायन
फिंचचा वेगळा धागा काढला आहे. झुरिकला त्यांचे प्राध्यापक कोण होते याचा आधार कोणाकडे असेल तर तिथे द्यावा.