वाट वाकडी करून जेवायला : फ्रान्सच्या खेड्यांतले अनुभव सांगा

जायफळ

मंडळी, गेल्या महिन्यात आमची फजिती झाली, त्यातून हा धागा निघाला. लियाँच्या दक्षिणेला एका खेड्यात, जिथं दिवसातून दोनदाच बस जाते, एक नावाजलेलं रेस्टॉरंट आहे. दुपारी साडेबाराचं टेबल दोन महिने आधी धरलं होतं. नेमकी बस चुकली. टॅक्सी मिळवून पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. दारातल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की स्वयंपाकघर आता नवीन ऑर्डर घेत नाही. आम्ही समोरच्या बाकावर बसून बॅगेतला चिवडा खाल्ला. काचेपलीकडे लोकांचं निवांत चीज चाललं होतं.

बाकावर बसल्याबसल्या नवऱ्यानं विचारलं, "असल्या आडगावात एवढं भारी हॉटेल चालतं कसं?" उत्तर टायरमध्ये आहे. मिशलँ या टायर कंपनीनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तिका काढली. लोक फिरले तर टायर झिजणार, असा साधा हिशेब. १९२६पासून त्यात चांगल्या जेवणाला तारा मिळू लागला, १९३१मध्ये दोन आणि तीन तारे आले. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम, तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करावा, आणि दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं. मला हा दोन ताऱ्यांचा अर्थ सगळ्यात आवडतो. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या वाटेत मुक्काम करायच्या, म्हणून व्हिएन, सोलियू, रोआन अशा रस्त्यावरच्या गावांत मोठमोठे आचारी तयार झाले. खोपोलीचा वडा जसा घाटामुळे, तसंच.

तर कोणी कोणी वाट वाकडी केली आहे? पॅरिस नको, गावाकडचं सांगा. फसलेलं असेल तरी सांगा, फक्त त्या हॉटेलचं नाव नको.

जेक्सकर

मी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात कामाला, घर सीमेच्या फ्रेंच बाजूला. आमच्याकडून व्होना हे गाव गाडीनं सव्वा-दीड तासावर. शेफ जॉर्ज ब्लाँ यांचं मोठं रेस्टॉरंट तिथलंच. १९८१पासून तीन तारे होते, २०२५मध्ये एक गेला. मी तिथं जेवलेलो नाही, खोटं कशाला बोलू. त्याच चौकात त्यांचीच जुन्या धर्तीची खानावळ आहे, तिथं गेलो. बरोबर कराडहून आलेले मामा.

मागवली अर्थातच त्या भागातली, ब्रेसची कोंबडी, क्रीममधली. या कोंबडीला १९५७पासून कायद्याचं संरक्षण आहे. पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, म्हणजे झेंड्याचे तिन्ही रंग एका पक्ष्यावर. दर कोंबडीमागे निदान १० चौरस मीटर गवताळ रान द्यावं लागतं. पायातल्या कडीवर पाळणाऱ्याचं नाव असतं. मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गावठीच की!" पहिला घास घेतला आणि गप्प. मग म्हणाले, "ही गावठी नव्हे. दातांना कामच नाही."

बरोबरच होतं त्यांचं. आपली गावठी आयुष्यभर उकिरडा उकरते, म्हणून तिचं मांस चिवट आणि रस्सा अमृत. ही रानात फिरते खरी, पण शेवटचे काही दिवस तिला लाकडी पिंजऱ्यात मका आणि दूध घालून बसवतात. त्यामुळे चरबी मांसातच मुरते. क्रीमचा रस्सा उरला होता तो मामांनी पावानं पुसून घेतला. वाढपीण इतकी खूश झाली की न मागता अजून पाव आणि अजून रस्सा. फ्रान्समध्ये ताट पुसून खाणं वाईट दिसतं असं ज्यांनी मला सांगितलं होतं त्यांनी समोर यावं.

मिरजेची माहेरवाशीण

आम्ही शाकाहारी, त्यामुळे माझ्या अनुभवाचा लोकांना उपयोग होईल. २०१९च्या जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन लायोलला गेले होते. लिहितात लागुयोल, पण तिथले लोक लायोल म्हणतात. ओब्राकचं पठार, चहूकडे तपकिरी गाई आणि वारा. गावाबाहेर टेकडीवर शेफ मिशेल ब्रास यांचं काचेचं रेस्टॉरंट, आता मुलगा सेबास्तियाँ सांभाळतो. त्यानं २०१७मध्ये मिशलँला सांगितलं होतं की आमचे तीन तारे काढून घ्या, हे ओझं नको. २०१८च्या पुस्तिकेत नावच नव्हतं आणि २०१९मध्ये त्यांनी परत दोन दिले. बाबांना ही गोष्ट जेवणापेक्षा जास्त आवडली. नको म्हटलं तरी पुरस्कार घरपोच येतो, हे त्यांना आपल्याकडचंच वाटलं.

इथं एक पदार्थ प्रसिद्ध आहे, गार्गुयू. पन्नासेक प्रकारच्या भाज्या, पाला, फुलं, बिया; प्रत्येक वेगळी शिजवलेली, काही कच्ची. नाव वाचून आपण निर्धास्त होतो, पण मुळात हा बटाटा आणि हॅमचा शेतकरी पदार्थ. त्यामुळे ताटात भाजीच भाजी दिसली तरी हॅम असू शकतं. टेबल धरतानाच मी फ्रेंचमध्ये यादी पाठवली होती : मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणीही नाही. त्यांनी नीट पाळलं.

आईनं पहिल्यांदा चष्मा लावला. मग काट्यानं एक जाडसर पान बाजूला काढलं. "अगं, ही घोळ आहे." होतीच ती घोळ! आमच्या मिरजेला पावसाळ्यात जुडी मिळते ती. मी वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, तो म्हणाला पूर्पिए, आणि विचारलं की तुमच्याकडे कशी करतात. आईनं मराठीत सांगितलं, डाळ भिजवून, लसणाची फोडणी. मी भाषांतर केलं. त्यानं मान डोलावली ती निव्वळ शिष्टाचाराची वाटली नाही, आत जाऊन त्यानं कुणाला तरी सांगितलं असावं, कारण दारातून एक पांढरी टोपी डोकावून आईकडे बघून गेली.

अजून एक. ताटं बदलतात, काटे बदलतात, सुरी मात्र शेवटपर्यंत तीच ठेवतात. गाव सुऱ्यांचंच, आणि त्या भागात माणूस आपली सुरी खिशात घेऊन फिरायचा. आईनं दर वेळी ती रुमालाला पुसून पुढच्या ताटाशेजारी नीट ठेवली.

आता वाईट बातमी. चीजची गाडी आली आणि मला आठवलं की बहुतेक पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं घट्ट करतात. काँते, रोकफोर, लायोलसुद्धा. बाबा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काँते खात होते. मी सांगून टाकलं. बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "हे तू मुंबईला पोचल्यावर सांगायला हवं होतंस." खाणं थांबवलं मात्र. ज्यांना चालत नाही त्यांनी 'प्रेझ्यूर' (म्हणजे रेनेट) हा शब्द पाठ करून जा.

हिशोबनीस

टिपबद्दल कुणी विचारण्याआधीच : ताटाच्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, कायद्यानं. आवडलं तर वर काही नाणी किंवा एखादी नोट ठेवा, नाही ठेवली तरी कुणी मागे धावत येत नाही. साधं पाणी फुकट, 'यून काराफ दो' म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलात ती दिसते. आणि 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत राहून आलेले माझे मेहुणे तोच मुख्य पदार्थ समजून दोन-दोन मागवून बसले होते.

कडू कारलं

सगळे गोड लिहितायत म्हणून मी.

सासरे इन्शुलिन घेतात. बुर्गुंदीतलं एक रेस्टॉरंट, नाव नाही सांगत. साडेसातला बसलो. पहिले चिमुकले तीन घास आले, त्या अंदाजानं सासऱ्यांनी नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं. आमच्या डोक्यात, आता जेवण येणारच. पुढचं ताट यायला पन्नास मिनिटं! मध्ये वाइनची चर्चा, मेन्यूची चर्चा, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. सासऱ्यांच्या कपाळावर घाम, हात थरथरायला लागले. नवरा उठून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि कॉफीबरोबर द्यायचे साखरेचे खडे मागून आणले. चार खडे, मग पाव. दहा मिनिटांत सावरले. नंतर त्यांनी माफी मागितली, सूप लवकर दिलं, सगळं केलं. पण माझी भूक मेली ती मेलीच.

साडेतीन तासांचं जेवण ही तुमची संस्कृती आहे, मान्य. २०१०मध्ये युनेस्कोनं फ्रेंच जेवणाच्या रीतीला वारसा म्हणून मान्यताही दिली. पण घड्याळावर औषध घेणाऱ्या माणसाला तिथं जागा कुठं आहे?

जायफळ

@कडू कारलं, वाचूनच घाम फुटला. आता बरे आहेत ना?

कडू कारलं

एकदम. परवा पुरणपोळीवरून वाद घातला.

तिरफळ

कारलंताई, आतल्या बाजूनं सांगतो. मी पणजीत हॉटेल मॅनेजमेंट शिकलो, मग सहा महिने फ्रान्सच्या नैऋत्येला पेरिगोरमध्ये एका एक तारावाल्या ठिकाणी उमेदवारी केली. टेबलावरून आत एक चिठ्ठी येते. त्यावर 'मधुमेह, पाव आणि पहिलं ताट ताबडतोब' असं असेल तर ती चिठ्ठी पहिली लागते, यात कुणाचा अपमान नाही. सांगायचं मात्र टेबल धरताना, आणि बसल्यावर पुन्हा. आतून बाहेरचं काही दिसत नाही हो. आम्हाला फक्त टेबल नंबर दिसतो.

आमचा दिवस सकाळी आठला सुरू. मी सगळ्यात खालचा, म्हणून पहिले दोन महिने शॅलट नावाचे छोटे कांदे चिरणं आणि सेप नावाची अळंबी ब्रशनं साफ करणं. पाण्यात बुडवली तर शिव्या. अकराला आमचं स्वतःचं जेवण, वीस मिनिटांत, आणि ते खरंच चांगलं असायचं. शेफ म्हणायचा, जो नीट जेवत नाही तो दुसऱ्याला काय खाऊ घालणार. साडेबारा ते दोन म्हणजे 'कू द फ', आगीचा मारा. गरम भांडं घेऊन मागून जाताना 'शो दव्हाँ!' असं ओरडायचं. मी पहिल्या दिवशी सवयीनं 'सर रे, सर!' ओरडलो, सगळे जागच्या जागी थिजले, आणि पुढे सहा महिने अख्खं स्वयंपाकघर तेच ओरडत होतं. दुपारी तीन ते सहा सुट्टी, त्या वेळात खेड्यात करण्यासारखं काहीही नाही. नदीकाठी झोपायचो. मग रात्री पुन्हा साडेअकरापर्यंत.

एकदा मराठी कुटुंब आलं. शेफनं मला बाहेर पाठवलं. काकांनी हळूच विचारलं, "जरा तिखट काही मिळेल का रे बाबा?" आत एस्पलेतची मिरची होती, बास्क प्रांतातली, लाल भुकटी, रंगाला जोरदार आणि तिखटाला अगदी सोज्वळ. वाटीत नेऊन दिली. काकांनी अर्धी वाटी ओतली. आत आल्यावर शेफनं विचारलं किती घेतली, मी दाखवलं. त्यानं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हिचा किलोचा भाव तुला माहीत आहे का?

खरड छाटणी

मी पिंपळगावचा, द्राक्षवाला. बुर्गुंदीत सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणीला गेलो होतो, वाइनचं शिकायला. तोडणी संपली की मालक सगळ्यांना जेवू घालतो, त्याला पोले म्हणतात. आमच्या मालकानं कष्टकऱ्यांच्या लांब टेबलाऐवजी जवळच्या गावातल्या चांगल्या रेस्टॉरंटात नेलं. नखात द्राक्षाचा काळा रंग, पाठ मोडलेली, आणि समोर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. हात टेबलाखालीच ठेवत होतो.

लाल वाइनमध्ये शिजवलेली अंडी आली. जांभळी अंडी बघून पहिल्यांदा बिचकलो, मग तीनदा पाव मागितला. शेवटी एप्वास चीज. त्याचा वास म्हणजे पावसात भिजलेले बूट, चव म्हणजे साय. दोन्ही एकदम खरं आहे.

वाइन देणाऱ्या सोमेलियेनं विचारलं, तू इथं आहेस तर तुझी द्राक्षं कोण तोडतंय? मी म्हटलं आमच्याकडे आता तोडणी नाही, आता गोडी बहराची छाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि आता ही, कारण आमच्याकडे वेल थंडीत झोपत नाही. त्याला पटेचना. शेवटी त्याच्या पॅडवर चित्र काढून दाखवलं, बाकीचे वेटर गोळा झाले, माझे काळे हात टेबलावर आले ते तसेच राहिले. बिल मालकानं दिलं, मला आकडा माहीत नाही.

भटकी आत्या

आमच्या ह्यांच्या पंचाहत्तरीला कोलोंजला गेलो होतो, नामांकित शेफ पॉल बोक्यूझ यांच्या रेस्टॉरंटात. लियाँजवळ, सोन नदीकाठी, भिंती लाल-हिरव्या. बोक्यूझ जानेवारी २०१८मध्ये गेले. १९६५पासूनचे तीन तारे २०२०मध्ये दोनावर आले, पण आम्हाला ताऱ्यांचं काय. ट्रफलचं (जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीचं) सूप मागवलं, १९७५मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्यासाठी केलेलं. वाडग्यावर खारीसारख्या पदराचं फुगलेलं झाकण असतं, ते चमच्यानं फोडायचं. ह्यांनी फोडलं नाही. म्हणाले इतकं सुंदर, कसं फोडू. शेवटी वाढपी आला आणि त्यानं फोडून दिलं, नातवंडाचा फुगा फोडावा तसं.

एक सांगते, बोक्यूझ ज्यांच्याकडे शिकले त्या युजेनी ब्राझिए बाईंना १९३३मध्ये दोन वेगवेगळ्या रेस्टॉरंटना प्रत्येकी तीन तारे मिळाले होते. एक लियाँत आणि एक डोंगरावर, कोल द ला ल्युएरला. शेतकऱ्याची पोर होती. त्यांचं नाव आधी घेत जा.

जायफळ

आत्या, घेतलं. आणि सगळ्यांना, खेड्यात रविवारी संध्याकाळी आणि सोम-मंगळवारी बरीच ठिकाणं बंद असतात, तारीख ठरवण्याआधी बघा.

आम्ही त्याच खेड्यात, त्याच ठिकाणी परत टेबल धरलंय, १४ तारखेला. फोनवर बाईंनी नाव ऐकून विचारलं, "बाकावरचे?" या वेळी आदल्या रात्रीच मुक्काम. चिवडा तरी घेतेच.