शब्दचर्चा : हवा, हवामान, वातावरण आणि 'तपांबर' मंडळी

प्रश्न

मुलीचा भूगोलाचा अभ्यास घेताना दोन ठिकाणी अडलो. पुस्तक म्हणते, थोड्या वेळेपुरती वातावरणाची जी स्थिती ती 'हवा' आणि दीर्घकाळची सरासरी ते 'हवामान'. पण बातम्यांत रोज 'उद्याचे हवामान' असते. मग मेटिऑरॉलॉजीला हवामानशास्त्र म्हणणे बरोबर की वातावरणशास्त्र? दुसरे असे, की पुस्तकात वातावरणाच्या थरांची नावे खालून वर तपांबर, स्थितांबर, मध्यांबर अशी आहेत आणि इंटरनेटवर शोधले की क्षोभमंडल, समतापमंडल येतात. हे थर वेगळे आहेत का?

उत्तर

थर तेच आहेत. 'मंडल'वाली नावे हिंदीतली, 'अंबर'वाली मराठी पाठ्यपुस्तकांतली. मराठीत लिहिताना ती सरमिसळ टाळावी. आपली नावे कानाला गोड आहेत आणि अर्थालाही पक्की आहेत. अंबर म्हणजे आकाश आणि अंबर म्हणजे वस्त्रही (पीतांबर, दिगंबर आठवा). पृथ्वीभोवतीच्या वायूच्या वेष्टनाला याहून नेमका शब्द मिळणे कठीण. 'वातावरण' या शब्दातही वात अधिक आवरण हीच कल्पना आहे.

आता हवा आणि हवामान. 'मान' म्हणजे माप : तापमान, पर्जन्यमान, तसे हवामान. सरासरीचा अर्थ त्या 'माना'तून आला. ही सरासरी शक्यतो तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. मोसमी पावसाची सरासरी काढताना तर आपल्याकडे 1971 ते 2020 अशी पन्नास वर्षे धरली आहेत. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंटीमीटर सांगतात, ती त्यातूनच आली. हे झाले हवामान. आज दुपारी पुण्यात ढग दाटले आणि वारा पडला, ही हवा. जुन्या बोलण्यात हा भेद होता : 'आज हवा कुंद आहे' पण 'कोकणचे हवामान दमट'.

तरीही 'हवामान अंदाज' चूक म्हणून खोडायला मी तयार नाही. तो शब्द रुळला आहे, सरकारी खात्याच्या नावात आहे. शिकवताना मात्र भेद ठेवावा, नाहीतर 'हवामान बदल' म्हणजे काय हे मुलांना कळणारच नाही. त्यांना वाटेल, हवामान तर रोजच बदलते!

शास्त्राच्या नावाबद्दल : मेटिऑरॉलॉजी हवेतल्या रोजच्या घडामोडींचा अभ्यास करते, तिला हवामानशास्त्र म्हणतात. वातावरणशास्त्र त्याहून व्यापक, त्यात वरच्या थरांचे भौतिक आणि रसायनही येते. मेटिऑरॉलॉजीतल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'उंच हवेतले'. म्हणून ॲरिस्टॉटलच्या या विषयावरच्या ग्रंथात पाऊस-वाऱ्याच्या जोडीला धूमकेतू आणि उल्काही आहेत. उल्का पुढे खगोलशास्त्राकडे गेल्या, नाव मात्र मागे राहिले.

आपल्याकडे याच्या उलटा प्रवास झाला. वेध घ्यायचा तो ग्रहताऱ्यांचा, आणि कुलाब्याची वेधशाळा 1826 मध्ये सुरू झाली ती खगोलीय निरीक्षणांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. नंतर तिथे चुंबकीय आणि हवेच्या नोंदी होऊ लागल्या. आज सामान्य मराठी माणूस 'वेधशाळेचा अंदाज' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पाऊसच असतो, तारे नसतात. पुण्याच्या 'सिमला ऑफिस'चेही तसेच. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, 1944 मध्ये दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला लोक अजून त्याच नावाने ओळखतात.

प्रश्नकर्त्याकडून

आभारी आहे. पण तपांबर म्हणजे तापलेले आकाश असेल, तर पुस्तकात 'वर जावे तसे तापमान कमी होते' असे का?

उत्तर

शंका रास्त आहे आणि हाच या शब्दाचा गाभा आहे. सूर्याचे बरेचसे किरण हवेला फारसे न तापवता जमिनीपर्यंत येतात. जमीन तापते आणि ती हवेला खालून तापवते, अगदी चुलीवरच्या पातेल्यासारखी. म्हणून जमिनीलगतची हवा गरम आणि वर गार. सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश उतरतात. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर उंचावर आहे, त्यामुळे पायथ्याच्या पोलादपूरपेक्षा तिथे आठ-नऊ अंशांचा फरक अपेक्षित धरावा. ढग, धुके, ऊन-पाऊस दोन्ही ठिकाणी वेगळे असतात, म्हणून प्रत्यक्षात तो कमीजास्त होतो.

ही उतरंड जिथे थांबते ती तपस्तब्धी. मला हा शब्द फार आवडतो, कारण स्तब्ध काय झाले ते तो सांगतो : तापमानाची घसरण. तो थबकलेला थर नुसत्या डोळ्यांनीही ताडता येतो. वैशाखात दुपारनंतर घाटमाथ्यावर वळवाचा ढग चढताना दुरून पाहा. फुलकोबीसारखे गड्डे एकावर एक फुटत वर जातात, आणि मग एका उंचीवर कोणी हात ठेवावा तसा माथा सपाट होऊन आडवा पसरतो, ऐरणीसारखा. वरची हवा आता गार होत नाही, त्यामुळे खालून आलेल्या हवेला आणखी चढायला जोर उरत नाही. जोरदार ढगाचा माथा जिथे पसरतो, तीच साधारण तपस्तब्धी. (आणि चैत्र-वैशाखातला हा पाऊस 'वळीव' आहे. त्याला सरसकट 'अवकाळी' म्हणू नये, तो आपल्या वेळेवरच येतो.)

आपल्या अक्षांशांत ही सीमा सोळा-सतरा किलोमीटरवर असते, ध्रुवांकडे आठ-नऊवर. त्यामुळे 'जेट विमाने स्थितांबरातून उडतात' हे वाक्य जपून वाचावे. दहा-अकरा किलोमीटरवरचे विमान ध्रुवांजवळ स्थितांबरात असेल, पण मुंबईहून चेन्नईला जाणारे तपांबरातच असते.

स्थितांबराचा शोध 1902 मध्ये फ्रान्सच्या तेसराँ द बोर यांनी जाहीर केला. त्यांच्या फुग्यांतली उपकरणे सांगत होती, की साधारण अकरा किलोमीटरच्या वर तापमान उतरायचे थांबते. त्याच वर्षी जर्मनीत रिचर्ड आसमान या हवामानशास्त्रज्ञांनाही तेच आढळले. आणखी वर तर ओझोन अतिनील किरण शोषतो म्हणून तापमान चढत जाते. म्हणूनच हिंदीतल्या 'समताप'पेक्षा मला 'स्थित' सरस वाटते. ताप सम नाही, पण हवेची वरखाली घुसळण खरोखरच फार कमी आहे.

आणखी एक शंका

मध्यांबरानंतर थेट आयनांबर येते का?

उत्तर

काही पुस्तके तसे लिहितात आणि तिथे घोटाळा होतो. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर ही वाटणी तापमानाच्या चढउतारावरून केलेली आहे. त्याच हिशेबाने मध्यांबराच्या वर, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरनंतर, तापमान पुन्हा चढणारा थर येतो. आयनांबराची कसोटी वेगळी आहे, हवेतल्या कणांवरच्या विद्युतभाराची. ते साधारण साठ किलोमीटरपासून, म्हणजे मध्यांबरातच सुरू होते. दोन याद्या एकत्र केल्या, की मुलांना ते एकावर एक रचलेले थर वाटतात.

आयनांबराचा पुरावा जुन्या रेडिओवर मिळतो. मिडियम वेव्हवर दिवसा फक्त जवळचे केंद्र लागते आणि रात्री दूरदूरची ऐकू येतात. आयनांबराचा सर्वांत खालचा पदर उन्हात तयार होतो आणि दिवसा या लहरी गिळतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, मग लहरी वरच्या पदरापर्यंत पोचून परत खाली वळतात. घरात असा रेडिओ असेल तर रात्री नऊनंतर मुलीला काटा फिरवू द्या.