शब्दचर्चा: ‘बुलेट’ म्हणजे गोळी, मग ‘कार्ट्रिज’ म्हणजे काय?

विचारणा (पुणे)

नमस्कार. एका अमेरिकी माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. लहान व्यासाच्या मॅग्नम (जास्त दाबाचं काडतूस चालणाऱ्या) रिव्हॉल्व्हरसाठी तिकडचे काही हौशी नेमबाज शिशाच्या जड गोळ्या घरी ओततात आणि काडतुसंही स्वतःच भरतात, हा विषय. पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे ‘गोळी’ लिहिलं. ‘गोळी ओतली’ इथवर ठीक होतं. पुढे ‘गोळी गोळीत बसवली’ असं वाक्य झालं आणि मी थांबले. शिवाय ‘ग्रेन’ला ‘दाणे’ चालेल का? ‘क्रिम्प’ला काय म्हणू? ‘हेवी’ला ‘भारी’?

प्रतिसाद (ॲरिझोना, मूळचा सोलापूरचा)

ताई, बरं झालं विचारलंत. मी इथे बरीच वर्षं हे करतो, आणि या कामात शब्द घसरला तर माणसाच्या हाताला इजा होते.

आपल्याकडे शब्द आहेत. पितळेची नळी ती पुंगळी. ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे आपण पेपरात नेहमी वाचतो. तिच्या बुडाशी ठिणगी देणारी असते ती टोपी. आत दारू. तोंडाशी बसवलेली, बंदुकीच्या नळीतून उडून जाणारी तेवढी गोळी. हे चारही एकत्र आले की काडतूस, जो शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. म्हणजे ओततात ती गोळी, भरतात ते काडतूस. ‘ठासणे’ मात्र टाळा. ते ठासणीच्या बंदुकीचं, नळीच्या तोंडातून गजाने दारू दाबायचं काम.

‘दाणे’ तर अजिबात नको. ग्रेन हे वजन आहे, एका पौंडात ७००० ग्रेन. गोळीचं वजनही ग्रेनमध्ये सांगतात आणि दारूचंही. दारू दिसायला दाणेदारच असते, त्यामुळे ‘१८० दाणे’ वाचणाऱ्याला ते दारूचं मापच वाटेल. ग्रेनच ठेवा. पण एक गंमत सांगतो. ब्रिटिश काळात तोळा ठरला तो बरोबर १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम. पॉइंट ३५७ (म्हणजे ०.३५७ इंच) मॅग्नममध्ये नेहमीची शिशाची गोळी १५८ ग्रेनची, आणि जड म्हणून ओततात ती बहुधा १८०ची. म्हणजे जुना एक तोळा शिसं! आजचा सराफाचा १० ग्रॅमचा तोळा मात्र इथे धरू नका.

‘भारी’ लिहिलंत तर ‘उत्तम’ असा अर्थ लागेल. ‘जड’ लिहा. जड म्हणजे नेमकं काय हेही उपशीर्षकात कळायला हवं. नळीचा व्यास ठरलेला, तेव्हा वाढवलेलं वजन सगळं लांबीत जातं. काडतुसाची एकूण लांबी सिलिंडरच्या (रिव्हॉल्व्हरमधल्या काडतुसं धरणाऱ्या फिरत्या भागाच्या) मापाबाहेर जाऊन चालत नाही, म्हणून लांब गोळी पुंगळीत खोल उतरते. दारूची जागा आकसते, दाब चढतो. हलक्या गोळीसाठी दिलेलं दारूचं माप जड गोळीला लावायचं नसतं ते यामुळेच. व्यास जितका लहान तितकं हे जास्त जाणवतं.

प्रतिसाद (कोल्हापूर)

आमचं घर ओतकामाचं. बंदुकीतलं मला कळत नाही, शिशातलं कळतं. ‘कास्ट’ला ‘ओतीव’ म्हणा. ‘घडीव’ म्हणजे ठोकून केलेलं, ते वेगळं. वितळवायचं भांडं ती मूस, आकार देतो तो साचा. नुसतं शिसं फार मऊ. त्यात कथील घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट उतरतो, आणि अँटिमनीने कडकपणा येतो. तिकडचे लोक जुन्या छापखान्यातला धातू शोधत असतात असं ऐकलं, त्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. छपाईचे खिळे याच तीन धातूंचे ओतायचे.

एक कळकळीने सांगतो, माहितीपटात नसलं तरी. तापलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर रस उसळून अंगावर येतो. माझ्या मनगटावर त्याचा डाग आहे. आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

प्रतिसाद (रत्नागिरी)

क्रिम्प म्हणजे पुंगळीची कड आत वळवून गोळी घट्ट धरायची, हेच ना? मग ‘मुरड’ का नको? करंजीला आपण मुरड घालतो ती सारण बाहेर येऊ नये म्हणून.

ॲरिझोना

काकू, नेमका शब्द दिलात. इतकी वर्षं मी क्रिम्पच म्हणत आलो. रिव्हॉल्व्हरमध्ये मुरडीला फार महत्त्व. एक बार उडाला की धक्क्याने सिलिंडरमधली बाकीची काडतुसं मागे खेचली जातात, पण आतली जड गोळी जागची हलायला तयार नसते. मुरड सैल असेल तर पुंगळी मागे जाते, गोळी पुढे सरकते, तिचं टोक सिलिंडरबाहेर येतं आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. ओतीव गोळीला त्यासाठी अंगावर एक खाच असते. ‘मुरडीची खाच’ म्हणता येईल.

विचारणा (पुणे)

मुरड पक्की! आता ‘मॅग्नम’ आणि ‘कॅलिबर’. माझ्या सहकाऱ्याने ‘३२ बोअर मॅग्नम’ सुचवलं आहे.

ॲरिझोना

मॅग्नम तसंच ठेवा. मूळ लॅटिन, अर्थ ‘मोठं’. पण व्यास मोठा असा समज होऊ देऊ नका. १९३५ साली आलेल्या पॉइंट ३५७ मॅग्नमची गोळी जुन्या पॉइंट ३८ स्पेशलच्याच व्यासाची आहे; ३८ हा नावापुरता आकडा. पुंगळी तेवढी सुमारे ३ मिलिमीटरने लांब केली, म्हणजे जास्त दाबाचं काडतूस चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. पॉइंट ३२चंही तसंच. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पॉइंट ३२ लाँग, १९८४चं एच अँड आर मॅग्नम आणि नंतरचं पॉइंट ३२७ फेडरल मॅग्नम, नावातले आकडे वेगळे असले तरी सगळ्यांच्या गोळीचा व्यास एकच, पुंगळी चढत्या लांबीची.

‘३२ बोअर’ आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण ते चूक. बोअर म्हणजे त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्यांचा एक पौंड होतो तो आकडा. १२ बोअर म्हणजे १२ गोळ्या. त्या हिशेबाने ३२ बोअरची नळी १३ मिलिमीटरहून रुंद होईल, आणि पॉइंट ३२ची गोळी आठ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ‘व्यास’ लिहा.

कोल्हापूर

कॅलिबरचं मूळ अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा, असं सांगतात. चांभाराचं कालबूत (जोड्याचा साचा) आठवलं.

रत्नागिरी

ताई, सुरुवातीला एक ओळ जरूर द्या. काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि १९५९च्या शस्त्र कायद्याने भारतात ते परवान्याशिवाय करता येत नाही.

विचारणा (पुणे)

देते. वाक्य असं केलं आहे, बघा: ‘ओतीव जड गोळी पुंगळीत खोल बसते, म्हणून दारू कमी घ्यायची आणि कडेला पक्की मुरड घालायची.’

ॲरिझोना

‘कमी घ्यायची’च्या जागी ‘त्याच गोळीसाठी छापलेल्या मापाने घ्यायची’ करा. नुसतं ‘कमी’ वाचून कोणी अंदाजाने घेईल.