सहावी-सातवीच्या पोरांसाठी कवितेची पुस्तकं सुचवा

खानदेशी गुरुजी
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या जि.प. शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवतो. मला कवितेचं वेड, पण वर्गात कविता काढली की पोरं म्हणतात, "सर, धडा घ्या ना." त्यांचंही बरोबर आहे. कविता म्हणून झाली रे झाली की यमक जुळणारे शब्द शोधा, ओळींचा अर्थ लिहा, हे मागे लागतंच. घरी कोणी लेवा बोलतं, कोणी अहिराणी. वाचनालय म्हणजे ऑफिसातलं कुलूपबंद कपाट. यंदा पुस्तकांसाठी दोनेक हजार हाताशी आहेत. परिपाठाला वाचता येईल आणि पोरं आपणहून उचलतील असं काय घेऊ? थोरांची चरित्रं नकोत, कपाटात तेवढीच आहेत.

अर्धी रात्र
कवितेतलं मला कळत नाही, पण भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घ्याच. माझा सातवीतला भाचा झोपायचं नाव घेत नव्हता.

निवृत्त बाई
सर, मी भुसावळकडची, हायस्कूलला मराठी शिकवून निवृत्त झाले. आधी 'बहिणाबाईंची गाणी' आणा. ती भाषा तुमच्या पोरांना पुण्याच्या पोरांपेक्षा जास्त कळते, तेव्हा वर्गात जरा मिरवा की! बहिणाबाई आसोद्याच्या, म्हणजे तुमच्या जवळच्याच. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं, आणि 1952 साली पुस्तक निघालं तेव्हा बाई हयात नव्हत्या. हे सांगितलं की पोरं कान टवकारतात, कारण त्यांच्याही घरी दळताना-निंदताना गाणाऱ्या आज्या असतात, निदान असायच्या.

मी त्यांची सुगरण पक्ष्यावरची कविता घेत होते तेव्हा एका पोराने विहिरीवरच्या बाभळीचा गळून पडलेला खोपाच दप्तरातून आणला. बाकांवरून फिरला. लांब नळीतून बोटं आत घातली तर वाळक्या चिखलाची ढेकळं लागली. तो चिखल कशाला, यावरच पाच मिनिटं गेली. मग तोच पोरगा उठला. "बाई, खोपा नर विणतो. मी रोज बघतो. मग कवितेत त्यालाच गण्यागंप्या, म्हणजे बावळट, का म्हटलंय?" झालं! मुलगे एकीकडे, मुली एकीकडे. एक मुलगी म्हणाली, विणतो तो, पण पसंत मादी करते, नाही आवडला तर अर्धवट टाकून दुसरा विणायला घेतो. (दोघांचंही खरं आहे, पक्षीवाल्यांना विचारा.) भांडायला पुरावा हवा म्हणून अख्खा वर्ग कविता पुन्हा पुन्हा वाचत होता. अर्थ लिहा म्हणायची वेळच आली नाही.

दुसरे विंदा. 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ', 'एटू लोकांचा देश'. भुतं परिपाठाला नकोत, पाऊस अंधारून आला की शेवटच्या तासाला काढा. मोठ्याने, आवाज बदलून. एक पालक भांडायला आले होते, पोरांना भुताखेतांचं काय शिकवता म्हणून. त्यांना चहा पाजला, पुस्तक काही हलवलं नाही. पाडगावकरांचं 'बबलगम' जरा लहान वयाचं, पण सहावीतली अडखळत वाचणारी पोरं त्यानेच वाचायला लागतात.

'निवडक' म्हणून जे जाडजूड संग्रह मिळतात ते घेऊ नका. पातळ पुस्तक मधल्या सुट्टीत संपतं, आणि संपवल्याचा पोरांना केवढा माज असतो! शिवाय जी कविता तुम्हालाच कंटाळवाणी वाटते ती परिपाठाला वाचू नका. आवाजातच कळतं त्यांना.

किल्ली_कुठाय
ग्रंथपाल बोलतोय. बाईंचं सगळं मान्य, 'निवडक'चं सोडून. माधुरी पुरंदरे यांचं 'वाचू आनंदे' आहे की, त्यातला कुमार गट तुमच्या वर्गांना चालेल. कविता, गद्य आणि चित्रं अशी एकत्र आहेत की मूल कुठूनही उघडतं. शिवाय 'किशोर' विसरू नका. बालभारतीचं मासिक, 1971 पासूनचं, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कवितांची पानं छापा, पिन मारा, वर्गात दोरीला लटकवा. कपाटाची किल्ली मात्र सातवीतल्या दोघांकडे द्या, देवघेवीची वहीही त्यांनीच ठेवायची.

खानदेशी गुरुजी
खोपा तर उद्याच शोधायला सांगतो! किल्लीचं पटतं, पण पुस्तकं डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली. फाटली-हरवली तर तपासणीत मलाच विचारणार.

निवृत्त बाई
निर्लेखन, म्हणजे खराब झालेलं नोंदवहीतून कमी करणं, मग कशासाठी असतं? आमच्याकडे कुलपातल्या पुस्तकांना वाळवी लागली तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. फाटलेल्याची नोंद करा, डिंक-पट्टी पोरांच्याच हाती द्या. आणि जळगावला जाल तेव्हा शाळेच्या नावाने बिल मागा, बरेच दुकानदार सवलत देतात. बहिणाबाईंच्या दोन प्रती घ्या, एक तुमच्याच पिशवीत राहणार आहे.