सोसायटी ग्रुप: १५ ऑगस्टची निघोज सहल

सुलभा (बी-३०२): सचिवसाहेब, सकाळची नोटीस वाचली. झेंडावंदन झालं की बस निघोजला, आणि "मुलांना रांजणखळग्यांत मनसोक्त खेळता येईल". हे वाक्य कोणी लिहिलं? ते खळगे म्हणजे कुकडी नदीच्या खडकात कोरले गेलेले खोल खड्डे, आणि ऑगस्टात नदीला पाणी असतं. मागे भाज्याच्या सहलीत त्या मुलाचं काय झालं ते इतक्यात विसरलो आपण?

सचिव (ए-१०१): सुप्रभात ताई 🙏 ठराव सभेत झाला. आपण सभेला नव्हतात.

सुलभा (बी-३०२): सासूबाई दवाखान्यात होत्या. तुम्हीच भेटायला आला होतात.

गोखले काका (ए-२०४): भाज्याच्या सहलीचा हिशोब अजून आलेला नाही.

मंदार (सी-५०१): काका, विषय निघोजचा चाललाय.

गोखले काका (ए-२०४): विषय सहलीचाच आहे.

मंदार (सी-५०१): सुलभाताई, मी कॉलेजात असताना गेलोय. भारी जागा आहे. वर झुलता पूल, खाली नदी. पोहता येणाऱ्याला कसली भीती? उगाच पोरांना घाबरवू नका.

सुलभा (बी-३०२): भाज्याला पण तूच पुढे होतास.

मंदार (सी-५०१): आणि मीच त्याला उचलून खाली आणलं, हेही लिहा.

देशपांडे सर (बी-१०३): मंदार, तिथे पोहता येऊन उपयोग नसतो. खळग्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, हाताला धरायला काही लागत नाही. काही खळग्यांच्या मधल्या भिंती झिजून ते एकमेकांत मिसळले आहेत. वरून पाणी शांत दिसतं, आत ओढ कुठे आहे कळत नाही. ओल्या काळ्या खडकावर शेवाळ असतं ते वेगळंच.

रेश्मा (सी-२०२): मग जायचंच कशाला? वॉटर पार्क करूया. बाथरूमही स्वच्छ असतात.

देशपांडे सर (बी-१०३): नाही रेश्मा, जायचं तर नक्की. मुलांनी हे पाहायलाच हवं. तिथला काळा खडक, बेसॉल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या बहुतेक भागात पसरलेला लाव्हा. खळगे त्याहून खूप अलीकडचे. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे खडकातल्या एखाद्या खोलगट जागी अडकतात आणि भोवऱ्यात गरगर फिरत राहतात. जात्यात दाणे भरडावेत तसा खडक दळला जातो. पाणी ओसरलं की काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे पडलेले दिसतात. वर्गात मी फळ्यावर कितीही काढून दाखवलं तरी मुलाने खाली वाकून तो गोटा पाहिला की जे कळतं ते मला शिकवता आलं नसतं. पण त्यासाठी पाणी ओसरायला हवं ना!

गोखले काका (ए-२०४): सर, छान माहिती. भाज्याच्या सहलीचा हिशोब अजून आलेला नाही.

मंदार (सी-५०१): ते राहू दे, जेवणाचं ठरवा. त्या बाजूला मासवडी मस्त मिळते.

जोशी काकू (ए-३०३): श्रावणात? आमचं नाव वगळा.

मंदार (सी-५०१): काकू, बेसनाची असते! आत तीळ-खोबऱ्याचं सारण.

जोशी काकू (ए-३०३): कांदा-लसूण?

मंदार (सी-५०१): ते मात्र भरपूर 😄

जोशी काकू (ए-३०३): मग वगळाच. वाटेत रांजणगावला महागणपतीचं दर्शन असेल तर पुन्हा विचार करते.

वैशाली (बी-४०१): मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. माझं माहेर टाकळी हाजी. नदीच्या अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे पारनेरचं निघोज. तुम्ही इथे आकाश बघून ठरवता. आमच्याकडे ऊन असतं आणि वर जुन्नरकडे पाऊस झालेला असतो. येडगाव धरणातून पाणी सोडलं की नदी फुगते. लहानपणी पावसाळ्यात आम्हाला खडकावर पाय ठेवू द्यायचे नाहीत, म्हशी राखणाऱ्या पोरांनाही नाही. आणि ते आमच्या मळगंगा मातेचं कुंड आहे. चैत्रात यात्रा भरते, लांबून लोक येतात. तिथे खडकावर नावं रंगवलेली, खळग्यात वेफर्सच्या पिशव्या पाहिल्या की जिवाला लागतं. पाहुणे म्हणून या, माझी आई सगळ्या बसला पिठलं-भाकरी घालेल. पण या दिवसांत लेकरं घेऊन येऊ नका. हात जोडते.

सुलभा (बी-३०२): वैशाली ❤️

रेश्मा (सी-२०२): मी वॉटर पार्कचं मागे घेते.

सचिव (ए-१०१): सर्वांच्या भावनांचा आदर आहे. पण बसला आगाऊ रक्कम दिली आहे. सभेत कोणी बोलत नाही आणि ग्रुपवर सगळे जागे होतात, हे बरं नाही.

गोखले काका (ए-२०४): आगाऊ रक्कम कोणत्या खात्यातून? भाज्याच्या सहलीचा

मंदार (सी-५०१): काका 🙏🙏

देशपांडे सर (बी-१०३): सचिवसाहेब, बसवाल्याला तारीख बदलून मागा. जानेवारीत मी स्वतः येतो, मुलांना आधी दोन संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये नकाशा समजावतो. ही कुकडी जुन्नरजवळ कुकडेश्वरला उगम पावते, तिथून नाणेघाट जवळच. सातवाहनांच्या काळी व्यापारी ज्या घाटाने कोकणातून वर येत, तिथल्याच डोंगरातलं पाणी निघोजचा खडक कोरतं. हे डोक्यात ठेवून मुलं गेली तर पाण्यात उड्या मारायचं सुचणार नाही.

मंदार (सी-५०१): सरांना सुचणार नाही, पोरांना सुचेलच. मी आणि सी विंगची चार पोरं कडेला उभे राहतो. एकालाही कडेजवळ जाऊ देणार नाही. वैशालीताई, कचऱ्यासाठी पोती मी आणतो. खळग्यांत आपला सोडून इतरांचा कचरा दिसला तर तोही उचलू.

सुलभा (बी-३०२): हे आधी लिहिलं असतंस तर मी एवढी बोलले नसते.

सचिव (ए-१०१): बसवाल्याशी बोललो. जानेवारीतला रविवार मिळतो, रक्कम तीच धरेल. सुधारित नोटीस संध्याकाळी लावतो, "मनसोक्त खेळता येईल" काढून. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर खालीच नाश्ता.

जोशी काकू (ए-३०३): नाश्त्याला साबुदाणा ठेवा. आणि वैशाली, आईंना आत्ताच सांगून ठेव, निम्म्या बसला बिनलसणाचं पिठलं.