मदत हवी आहे: सोयाबीन ठेवायचं की विकायचं, हे टॅलीतून (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून) कसं काढता येईल?

लातूरजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघतो. हंगामात रोज संध्याकाळी दोनच निर्णय असतात: उद्या काय भावानं घ्यायचं, आणि गोदामातला माल ठेवायचा की तेल काढणाऱ्या प्लांटला द्यायचा. माहिती भरपूर आहे, पण विखुरलेली. खरेदी टॅली प्राइममध्ये, वजन काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओलावा वहीत.

गोची ओलाव्याची आहे. 14 टक्के ओलाव्याचा क्विंटल 12 वर वाळवला की साधारण 2.3 किलो घट येते. वर हमाली, गोदामभाडं, कर्जाचं व्याज. टॅलीत आम्हाला सरासरी भाव दिसतो, लॉटचा खरा पडता भाव (घट आणि सगळा खर्च धरून पडलेली किंमत) नाही.

एक्सेलमध्ये डेटा काढून पिव्होट केलं, अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरचे बाजारभाव हातानं भरले. पॉवर बीआयवर आलेख देखणे आले, संचालक मंडळ खूश. निर्णय मात्र पुन्हा अंदाजानंच. वायद्यांवरून (पुढच्या तारखेच्या सौद्यांवरून) अंदाज घ्या असं कृपया सुचवू नका, बाजार नियामक सेबीनं सोयाबीनचे वायदे डिसेंबर 2021 मध्येच थांबवले.

ईआरपीचं (सगळं कामकाज एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) बजेट नाही. संगणक एक, इंटरनेट बेभरवशाचं, ऑपरेटर टॅलीपुरता तयार.

घट आणि व्याज धरून लॉटवार पडता भाव टॅलीच्या बॅच सुविधेत बसतो का, की तो एक्सेलमध्येच वेगळा ठेवावा? आणि ‘महिनाभर थांबलो तर किमान किती भाव मिळायला हवा’ हे काढायला एक्सेलचं डेटा टेबल (आकडे बदलून निकाल दाखवणारी सुविधा) पुरतं का? कुणी बसवलं असेल तर रकाने कोणते ठेवलेत?