मदत हवी आहे: एकच गोल गुणसूत्र, पण असेंब्लीत 94 तुकडे

नमस्कार मंडळी,

ई. कोलाय या जिवाणूच्या एका वाणाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, जुळवायला (असेंब्ली करायला) घेतलाय. रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, 150 बेसचे (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), दोन्ही टोकांकडून वाचलेले. कव्हरेज 100, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी शंभरदा वाचली गेली आहे. एकूण लांबी 46 लाख बेसच्या आसपास येते, तीही बरोबर. पण स्पेड्स हे जुळवणीचं सॉफ्टवेअर चालवलं की हाती 94 कॉन्टिग, म्हणजे रीड जोडून झालेले सलग तुकडे, पडतात. गुणसूत्र तर एकच, मग एवढे तुकडे कसे?

के-मर (रीड जुळवताना वापरायच्या छोट्या अक्षरपट्टीची लांबी) 77 वरून 127 वर नेला, तुकडे जरासेच कमी झाले. आज ग्राफ, म्हणजे कुठला तुकडा कुठे जोडला जातो याचा नकाशा, उघडून बघत बसले होते. त्यात दोन कॉन्टिग वेगळे दिसले: एक सुमारे 2,900 बेसचा, दुसरा 1,500 चा. दोघांचंही कव्हरेज 700 च्या घरात, आणि टोकांना भरपूर फाटे. बाहेरचा डीएनए मिसळला असेल का? कव्हरेज दुप्पट केलं तर सुटेल? नमुना थोडाच उरलाय, म्हणून आधी विचारते.

प्रतिसाद

भेसळ नाही, उलट तुमचा डेटा छान आहे! 700 ला 100 ने भागा: सात. ई. कोलायमध्ये रायबोसोमल आरएनएच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा घटक) जनुकांचा गट सात ठिकाणी असतो. तुमचे ते दोन कॉन्टिग म्हणजे त्यातली 23एस आणि 16एस ही जनुकं. साती प्रती जवळपास सारख्या, त्यामुळे ग्राफमध्ये एकावर एक बसल्या. अख्खा गट साधारण 5,000 बेसचा. 150 चा रीड त्यात शिरला की कुठल्या वाटेने आला, कुठे जायचं, हे त्याला सांगता येत नाही. असे रीड दुप्पट केले तरी तेच. बाकीचे बरेच तुकडे इन्सर्शन सीक्वेन्समुळे (जीनोममध्ये जागा बदलणारे, अनेक ठिकाणी आढळणारे डीएनएचे छोटे तुकडे) पडले असणार.

उरलेला नमुना लांब रीडसाठी वापरा. 10-15 हजार बेसचा रीड पुनरावृत्ती ओलांडून दोन्हीकडचा शेजार दाखवतो. मानवी जीनोमही 2003 मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तरी सुमारे 8 टक्के भाग अशाच पुनरावृत्तींपायी अडला होता. तो लांब रीडच्या जोरावर 2022 मध्ये प्रसिद्ध झाला.

धागाकर्ती

सात! आकडा समोर होता आणि मी भेसळ शोधत होते. मनापासून आभार. लांब रीडमध्ये चुका जास्त असतील तर?

प्रतिसाद

सांगाडा लांब रीडने उभा करा, मग हेच 150 चे रीड त्यावर बसवून एकेक अक्षर दुरुस्त करा. फक्त डीएनए काढताना जोरात ढवळू नका, पिपेटही हळू. रेणू तुटले तर लांब रीड मिळणारच नाहीत.